बादलीभर माती

पिवळ्या लाईनीची माती उपसायला सुरुवात झाली, तेव्हापासून पंचफुला हेडाऊची मुलगी रोज सकाळी थोडी पूर्वेला सापडू लागली.

पहिल्या दिवशी प्रणाली पलंगाच्या पूर्वेकडच्या कडेला होती. दुसऱ्या दिवशी भिंतीला चिकटून. मग भिंतीपलीकडे, शेजारणीच्या खोलीत, गव्हाच्या कोठीला टेकून. दाराची कडी आतून लावलेली, अंगावरची चादर जशीच्या तशी, उशी डोक्याखाली. शेजारीण चहा ठेवत होती. "अवं पंचफुला, तुही पोरगी आली इकडं," अशी तिने हाक मारली आणि आधणात आणखी पाणी घातलं. पुढे प्रणाली रस्त्यावर सापडू लागली, मग वळणावरच्या पानठेल्याच्या सावलीत, मग हायवेच्या मधोमध लावलेल्या कण्हेरीत. ट्रक दोन्ही बाजूंनी जात आणि ती गाढ झोपलेली असे. इजा काही होत नसे, फक्त केसांत फुलं अडकत.

याचं कोणाला फारसं नवल वाटलं नाही. पूर्वेला खड्डा होता. पिवळ्या लाईनीची माती ट्रकांत भरून तिकडे नेत आणि काळ्या प्लास्टिकवर ओतत. लाईनीत जन्मलेल्यांच्या नाळा त्याच मातीत पुरलेल्या होत्या. लाईनीची माती जाऊ लागली की तिच्यातल्या सगळ्याच नाळा ओढल्या जाणार आणि नाळ ओढली गेली की माणूस तिच्यामागे जाणार, हे समजायला शाळेत जावं लागत नाही. प्रणाली एकटी नव्हतीच. लाईनीत जन्मलेले सगळेच सरकत होते. दुसऱ्या गावांत जन्मून इथे आलेले आपापल्या पलंगावर जागे होत आणि आपल्या माणसांना शोधायला निघत.

पूर्वी इथे रंगाची कंपनी होती. ती फक्त पिवळा रंग करायची. रस्त्यांवरच्या पट्ट्यांसाठी, शाळेच्या बसगाड्यांसाठी. कामगारांच्या खोल्यांची ती पिवळी लाईन. तिथली धुणी पिवळी, भात पिवळा, कुत्रीसुद्धा पिवळी. लाईनीतल्या नवरीला हळद कशाला लावता, असं बाहेरचे लोक चेष्टेने म्हणत. पंचफुलाचा नवरा शेषराव खोकून खोकून गेला, तेव्हा त्याची नखंही पिवळी होती, आणि त्यानंतर ती चेष्टा पंचफुलाच्या तोंडावर कोणी केली नाही. कंपनी बंद पडली. जमीन वर्षानुवर्षं तशीच पडून राहिली, कारण तिच्यात गवत उगवत नव्हतं. मग शहरात मेट्रो आली, मेट्रोचे खांब लाईनीच्या कडेने उभे राहिले, आणि इतकी वर्षं कोणाला न दिसलेली जमीन सगळ्यांना एकदम दिसू लागली.

तिथे आता 'नवपालवी' होणार होती. विषारी माती काढून चांगली माती भरायची, वर झाडं, इमारती, सायकलींचे रस्ते, आणि मधोमध मेट्रोचं स्टेशन. लाईनीतल्या लोकांना तात्पुरत्या पत्र्याच्या खोल्यांत ठेवलं होतं आणि सगळ्यांना नवे फ्लॅट मिळणार होते. प्रणालीला प्रकल्पाच्या ऑफिसात नोकरी लागली होती. काचेखाली नवपालवीचा छोटा देखावा मांडलेला होता, आणि ती हातात छडी घेऊन येणाऱ्याजाणाऱ्यांना दाखवायची. शाळा पाच मिनिटांवर. दवाखाना पाच मिनिटांवर. मेट्रो पाच मिनिटांवर. पंचफुला एकदा मागे उभी राहून ऐकून आली होती. सगळा जन्म उन्हात पायपीट केलेल्या त्या बाईला आपल्या पोरीचा असा अभिमान वाटला, की ती घरी येऊन उगाचच रडली.

सरकणाऱ्यांसाठी प्रकल्पाने बस सुरू केली. हिरव्या रंगाची, विजेवर चालणारी. सकाळी ती हायवेने पूर्वेला जायची आणि जिथे जिथे माणसं झोपलेली दिसतील तिथून गोळा करून आणायची. देशकर साहेब प्रकल्पाचे अधिकारी होते, पुण्याकडचे, अतिशय नम्र. ते बसच्या दाराशी उभे राहून प्रत्येकाला नमस्कार करत.

"गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत," ते म्हणत. "पण बसमुळे धूर अजिबात होत नाही."

लोक चादरी गुंडाळून बसमध्ये चढत, वाटेत दात घासत आणि कामावर जात. असं चालूनही गेलं असतं. पण एक दिवस शेंडेबाईंचा ईश्वर बसमधून उतरला नाही. ऑटो चालवणारा, चांगला धडधाकट माणूस. चौकशी केली तर ड्रायव्हर म्हणाला, तो थेट खड्ड्यातच सापडला, उठायला तयार नव्हता.

त्यानंतरच्या सकाळी प्रणाली खड्ड्याच्या फाटकापर्यंत पोचल्याचं कळलं, म्हणून पंचफुला बसमध्ये बसून स्वतः तिला आणायला गेली. तेव्हा तिने खड्डा पाहिला. एखाद्या तलावाएवढा होता तो, आणि आत पिवळी माती. मातीच्या उतारावर ईश्वर कुशीवर झोपला होता.

"ईश्वर, बापू, ऊठ ना," ती काठावरून म्हणाली. "तुही माय वाट पाहून राहिली."

"इथं गार वाटते काकू," तो डोळे न उघडता म्हणाला.

ड्रायव्हरने खाली उतरून त्याचा हात ओढला. हाताबरोबर कोपरापासून माती वर आली. ड्रायव्हरने हात पुन्हा हळूच होता तिथे ठेवला आणि तो वर आला. शेवटचा ट्रक रिकामा झाला की वरूनही काळं प्लास्टिक पसरणार, त्याच्या कडा तापवून चिकटवणार, आणि मग हे कायमचं बंद होणार, असं त्याने सांगितलं. पंचफुलाने फाटकाशी झोपलेल्या प्रणालीला हलवून उठवलं.

परतताना ती प्रणालीचा हात घट्ट धरून बसली.

"आई, दुखते ना हात. सोड."

"नाई सोडत."

"विषारी माती आहे ती. बाबांना तिनंच खाल्लं. जाऊ दे ना एकदाची."

"अन् तू?"

"मी येते ना परत रोज. बस आहे."

"ईश्वर आला काय?"

प्रणाली खिडकीबाहेर पाहू लागली. तिच्या कानामागे ओली पिवळी माती लागली होती. पंचफुलाने पदराने पुसली, पण ती निघाली नाही.

लाईनीतली सगळी बाळंतपणं सगुणाबाईने केली होती. ती मूळची भंडाऱ्याकडची, त्यामुळे म्हातारी आपल्या खाटेवर अजून स्थिर होती. पंचफुलाने तिच्यासमोर बसकण मारली आणि आपल्या पोरीची नाळ कुठे पुरली ते विचारलं. आईला ती जागा कधी दाखवत नसत. सुईण आणि सासू, दोघीच जाऊन पुरून येत.

"मुंगण्याच्या बुडाशी," सगुणाबाई म्हणाली. "गाडग्यात घालून, हळदकुंकू लावून, वर झाकण. तुही सासू म्हणे, खोल पुर, पोरगी पायानं घट्ट निंघाली पायजे."

"मी काढून आणतो."

"आण. पण आणली का माह्यापाशी दे. सोताजवळ नको ठेवजो."

"काऊन?"

"मायले जागा कायले दाखवत नाई मंग? मायचा जीव असते. रोज पाहीन, रोज तिचं करीन. नाळ पुरली का तिले इसरा लागते."

पंचफुलाने मान हलवली. पण आपल्या पोरीची नाळ दुसऱ्याच्या खाटेखाली ठेवायची, हे तिला मनातून मुळीच पटलं नव्हतं.

दुपारी मशीनवाले जेवायला बसले तेव्हा ती पत्र्याच्या कुंपणापाशी गेली. "जा बाई," राखणदार म्हणाला. "माही नाळ चंद्रपूरकडं हाये. मले काय करा लागते?" आत सगळी लाईन खणून नेलेली होती. फक्त पंचफुलाचं अंगण तेवढं शिल्लक होतं. खाली पिवळं पाणी साचलेलं आणि त्याच्या मधोमध मातीचा एक उंच ठोकळा. ठोकळ्यावर मुंगण्याचं म्हणजे शेवग्याचं झाड होतं, त्याला शेंगा लटकत होत्या, आणि बाजूला तिची मोरी, जिच्यात साबणाची वडी अजून होती तशी होती. ती शिडी लावून वर चढली, मोरीत सवयीने पाय धुतले आणि खुरप्याने खणायला लागली.

गाडगं हाताला लागलं तेव्हा ते कोमट होतं. वजन नुकत्या जन्मलेल्या बाळाएवढं. तिने सोबत बादली आणली होती, कंपनीचीच, लाईनीत घरोघरी असायची तशी, रंगाची. गाडगं बादलीत ठेवून तिने भोवती अंगणातली माती भरली आणि कोणाला संशय येऊ नये म्हणून मुंगण्याची एक फांदी तोडून मधोमध खोचली.

"काय नेता?" राखणदाराने विचारलं.

"झाड."

"झाडाले मनाई नाई," तो म्हणाला आणि त्याने फाटक उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रणाली आपल्या पलंगावर होती. अगदी मधोमध. पंचफुलाच्या जिवात जीव आला. तिने भरड्याचे वडे केले, शेजारणीला दिले, सगुणाबाईला दिले. सगुणाबाईने वडा खाल्ला आणि विचारलं, "कुठं हाये ते?" पंचफुला म्हणाली, "हाये."

बादली तिने पलंगाच्या पायथ्याशी ठेवली होती. रोज आंघोळ झाली की ती ओल्या केसांनी गडवा भरून घ्यायची आणि फांदीला पाणी घालायची, आणि घालताना दर वेळी मनात एकच म्हणायची, माझी पोरगी माझ्याजवळ राहू दे. फांदीला पालवी फुटली.

प्रणाली आता सकाळी पलंगाच्या पायथ्याशी सापडू लागली. मग खाली, आईच्या सतरंजीवर, लहानपणी झोपायची तशी आईच्या पोटाशी पाय घेऊन. पंचफुलाला काय बरं वाटलं म्हणून सांगू! तिने त्या दिवशी अर्धा गडवा जास्तच घातला.

मग एक दिवस प्रणाली ऑफिसला निघाली आणि पानठेल्यापासून परत आली.

"पाय पुढं नाही जात, आई."

दुसऱ्या दिवशी ती नळापासून परत आली. त्यानंतर उंबऱ्यापासून. पुढे तिला चूलही दूर पडू लागली, आणि पंचफुला तिला बादलीजवळ ताट नेऊन देऊ लागली. देशकर साहेबांनी फार समजूतदारपणे घेतलं. त्यांनी काचेखालचा देखावाच मायलेकींच्या खोलीत पाठवून दिला. लोक पत्र्याच्या खोलीसमोर रांग लावून येत, आणि प्रणाली बादलीला टेकून, मांडीवर नवपालवी घेऊन छडीने दाखवत राही. शाळा पाच मिनिटांवर. दवाखाना पाच मिनिटांवर.

पंचफुला घाबरली आणि तिने पाणी बंद केलं. संध्याकाळपर्यंत पालवी सुकली. प्रणालीचे ओठ फाटले. ती घागरभर पाणी प्याली, तरी ओठ कोरडेच. सकाळी पंचफुलाने रडत रडत बादलीत पाणी ओतलं आणि पोरीच्या तोंडावर लगेच टवटवी आली. तिने गाडगं सगुणाबाईकडे न्यायचंही ठरवलं. पण बादली तिच्यापासून दूर उचलली की प्रणाली किंचाळायची, आणि बादली पुन्हा खाली ठेवली की गप्प व्हायची.

तोवर बसमधून परत येणारे कमी कमी होत गेले आणि नवपालवी उभी राहिली होती. काल खड्डे होते तिथे आज सज्जे होते आणि सज्ज्यांत कपडे वाळत होते. हेडाऊंना सातव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. पंचफुलाने बादली कमरेवर घेतली, प्रणालीने बादलीचा काठ धरला, आणि दोघी लिफ्टने वर गेल्या. सज्ज्यातून मेट्रोचं स्टेशन दिसत होतं, निळ्या छताचं, पायऱ्यांवर नवीन फरशी. पहिली गाडी आली, थांबली, गेली. तिच्यात कोणी चढलं नाही.

कारण स्टेशनला कोणी पोचलंच नव्हतं. ते पाच मिनिटांवर होतं. लोक डबे घेऊन सकाळी निघाले, पाच मिनिटं चालले, आणि स्टेशन अजून पाच मिनिटांवर होतं. आणखी पाच मिनिटं चालले, तरी तेवढंच. दुपारी लोक अजून चालत होते. शाळेचंही तेच, दवाखान्याचंही तेच. पाट्या वाचता येत, दारं उघडी दिसत. परत फिरलं की घर मात्र लगेच लागे. संध्याकाळी सगळे डबे न उघडता घरी येत आणि सकाळी पुन्हा निघत, कारण पाच मिनिटांसाठी कोण घरी बसतं?

"कुठेतरी जुनी माती शिल्लक आहे," देशकर साहेबांनी खालच्या चौकात लोकांना सांगितलं. "ती असेपर्यंत काम पूर्ण झालं असं म्हणता येत नाही. आणि काम पूर्ण झाल्याशिवाय तुम्ही पोचणार नाही."

लोकांनी माना डोलावल्या. त्यांना ते रास्त वाटलं.

पंचफुलाने एकच प्रयत्न केला. तिचं माहेर नदीपलीकडे होतं, काळ्या मातीचं. मेट्रोने शेवटपर्यंत जायचं, पुढे एसटीने, आणि गाडगं तिथे आपल्या भावाच्या हाताने पुरायचं, जागा न पाहता. प्रणाली किंचाळू नये म्हणून तिने बादलीतली चिमूटभर माती तिच्या पायांच्या नखांवर दाबली, आणि दोघी मिळून बादली उचलत निघाल्या. दुपार टळली. निळं छत समोर तसंच होतं. मग त्या एका बाकावर बसल्या. बाकावर शेंडेबाई बसल्या होत्या, ईश्वरची आई.

शेंडेबाईंनी बादलीकडे पाहिलं. मातीकडे पाहिलं. देशकर साहेबांची माणसं हातात तपासणीचं यंत्र घेऊन त्याच रस्त्याने येत होती. शेंडेबाईंनी आपला पदर सोडला आणि बादलीवर पसरला.

"माहा नाई राहिला," त्या म्हणाल्या. "तुहा ठेव."

यंत्र त्यांच्या समोरून काहीच न बोलता गेलं.

त्यानंतरच्या आठवड्यात सगुणाबाईच्या छातीत दुखू लागलं. लोकांनी तिला खाटेसकट उचललं आणि दवाखान्याकडे नेलं. पंचफुला सज्ज्यातून पाहत होती. दवाखान्याच्या दारात पांढऱ्या कपड्यांतली नर्स उभी होती, ती हात करून बोलावत होती, आणि लोक चालत होते. खांदे बदलत होते. ऊन कलल्यावर त्यांनी खाट रस्त्यावर ठेवली आणि डोक्यावरच्या टोप्या काढल्या. जिने प्रणालीला या जगात आणलं ती म्हातारी पाच मिनिटांसाठी मेली, आणि ती पाच मिनिटं आपल्या बादलीत आहेत, हे पंचफुलाला कळत होतं. तिला स्वतःची शिसारी आली. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पाणी घातलं.

त्या दिवशी प्रणाली दोन्ही पायांनी बादलीत उभी होती. माती घोट्यांपर्यंत होती. रोजच्या पाण्याने ती एकेक बोट वर चढत गेली. मुंगण्याची फांदी तिच्या खांद्याला लागून सज्ज्याबाहेर झुकली, तिला बारीक पांढरी फुलं आली. प्रणाली तिथूनच सगळी नवपालवी पाहायची, वरून, काचेखाली असल्यासारखी. तिला छडी लागत नसे.

"किती लहान दिसते सगळं," ती एकदा म्हणाली. "आई, दे ना मला. लोक चालून चालून मरून राहिले."

"खड्ड्यात देऊ तुले?"

"मग असं किती दिवस?"

पंचफुला तिच्या केसांत पडलेली मुंगण्याची फुलं वेचू लागली.

आज सकाळी दार वाजलं. पंचफुलाची आंघोळ नुकतीच झाली होती. देशकर साहेब दाराबाहेर चपला काढून उभे होते, मागे यंत्रवाला. यंत्र उंबऱ्यावरच कुईकुई करू लागलं आणि सज्ज्याकडे नेलं तेव्हा त्याचा आवाज थांबेचना. साहेबांनी ते हाताने बंद केलं.

"बाई, हीच ती," ते हळू आवाजात म्हणाले.

"ते माही पोरगी हाये."

"त्यांच्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. आम्हाला फक्त माती न्यायची आहे."

"ते मातीसंगंच येईन."

"बस आहे," देशकर साहेब म्हणाले, आणि मग त्यांनाही ते बोलणं पुरेसं वाटलं नसावं, कारण ते खाली पाहू लागले. "खड्ड्यावर माणसं थांबली आहेत. दुपारी कडा चिकटवतील."

खाली शेवटचा ट्रक इंजिन चालू ठेवून उभा होता. रस्त्यावरचे सगळे लोक थांबले होते. डबेवाले, दप्तरं घेतलेल्या मुली, सगुणाबाईची खाट उचलून नेलेले चौघे, बाकावरच्या शेंडेबाई. सगळे मान वर करून सातव्या मजल्याच्या सज्ज्याकडे पाहत होते. कोणी ओरडत नव्हतं. स्टेशनात गाडी येऊन उभी होती, तिची दारं उघडीच होती.

यंत्रवाल्याने बादलीच्या कडीकडे हात नेला. पंचफुला मध्ये आली. मग ती बाजूला झाली. मग पुन्हा मध्ये आली. साहेब वाट पाहत राहिले, त्यांना घाई नव्हती.

माती प्रणालीच्या गुडघ्यांपर्यंत आलेली होती आणि वरून वाळून तिला भेगा पडल्या होत्या. तिने खालच्या लोकांकडे पाहिलं, उघड्या दारांच्या गाडीकडे पाहिलं, मग आईकडे. तिचे ओठ फाटले होते.

"आई," ती म्हणाली, "तहान लागली."

पंचफुलाच्या हातात गडवा होता. आंघोळीनंतर तो तिने कधी भरून घेतला, तिलाही आठवत नव्हतं. तो कलला होता आणि पाणी काठाशी आलं होतं.